एक एप्रिल, तारखेने आणि तिथीने

पुणे, मंगळवार, १ एप्रिल २०२५

परवा पाडवा झाला आणि रामनवमी येत्या रविवारी आहे. गुढीची साखरेची गाठी अजून टेबलावरच्या ताटलीत पडून आहे आणि मुंग्यांना तिचा पत्ता लागलेला आहे. आज सकाळी चहा घेताना मी आईला म्हणाले की गीतरामायणाला आज बरोबर सत्तर वर्षे पूर्ण झाली, तर तिने वर्तमानपत्रातून मान वर न करताच सांगितले, "आज नाही, रविवारी. रामनवमीला सुरू झाले होते ते." दोघींचेही म्हणणे खरे होते, कारण १९५५ साली रामनवमी १ एप्रिललाच आली होती आणि त्या दिवशी शुक्रवार होता. प्रश्न एवढाच, की वर्षगाठ तारखेने मोजायची की तिथीने.

रोजनिशीच्या डाव्या पानावर त्या त्या तारखेला संगीतात काय घडले ते लिहून ठेवण्याची सवय मला टाळेबंदीत लागली. न्यू ऑर्लिन्सचे जॅझ पियानोवादक एलिस मार्सालिस १ एप्रिल २०२० रोजी कोविडने गेल्याचे वाचले आणि मागे जाऊन त्या पानावर पहिली नोंद केली. पुढे या पानावर बरेच काही जमा झाले. १९१७ साली याच तारखेला रॅगटाइम या पियानोसंगीताच्या प्रकाराचे रचनाकार स्कॉट जॉप्लिन न्यूयॉर्कमधील मनोरुग्णालयात वारले. १९४९ साली याच तारखेला शिकागोत कवी-गायक गिल स्कॉट-हेरन जन्मले. १९८४ साली याच तारखेला लॉस एंजेलिसमध्ये गायक मार्विन गे यांना त्यांच्या धर्मोपदेशक वडिलांनी घरातच गोळ्या घातल्या. ते पिस्तूल मुलानेच वडिलांना दिलेले होते, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता.

आज हे पान पुन्हा वाचताना जाणवले, की यातील बहुतेक नोंदी जन्माच्या आणि मृत्यूच्या आहेत, आणि गायक जन्मला त्या दिवशी संगीतात खरे म्हणजे काहीच घडलेले नसते. मार्विन गे यांचा खरा दिवस शोधायचा तर १९७० सालात जावे लागेल. त्या वर्षी त्यांनी 'व्हॉट्स गोइंग ऑन' हे गाणे ध्वनिमुद्रित केले, आणि ते चालणार नाही असे मोटाउन कंपनीचे मालक बेरी गॉर्डी यांचे मत असल्यामुळे ते बाजारात यायला १९७१ चा जानेवारी उजाडला. जॉप्लिन यांचे तर आणखी विचित्र आहे. 'मेपल लीफ रॅग'च्या छापील प्रतीमागे त्यांना एक सेंट मिळत असे. अखेरची वर्षे त्यांनी आपल्या ऑपेराच्या ध्यासात घालवली, आणि १९१७ साली त्यांना पुरले त्या जागेवर १९७४ पर्यंत नावाचा दगडही नव्हता. 'द स्टिंग' चित्रपटामुळे त्यांची १९०२ सालची 'द एंटरटेनर' ही रचना पुन्हा घराघरांत गेली, तेव्हा कुठे लोकांना त्यांची आठवण झाली. आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा कीबोर्डच्या क्लाससाठी तीच रचना रोज संध्याकाळी वाजवतो आणि रोज त्याच एका जागी अडखळतो. ती कोणाची आहे हे त्याला ठाऊक नसावे, आणि तसे पाहिले तर त्यावाचून त्याचे काही अडतही नाही.

गीतरामायणाची नोंद मात्र या सगळ्यांहून वेगळी आहे, कारण त्या सकाळी खरोखरच एक नवे गाणे पहिल्यांदा ऐकू आले. पुणे आकाशवाणी केंद्र त्या वेळी जेमतेम दीड वर्षाचे होते. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे आणि चाली सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, यांच्या. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झालेली होती आणि ती ऐकायला लोक रेडिओ सिलोन लावत होते. अशा काळात आकाशवाणीच्या एका केंद्राने वर्षभराचे काम सोपवले ते मराठी चित्रपटसृष्टीत मुरलेल्या दोन माणसांवर, याची मला नेहमीच गंमत वाटत आली आहे. दर आठवड्याला एक नवे गीत लिहायचे, त्याला चाल लावायची, कलाकार जमवायचे आणि शुक्रवारी सकाळी पावणेनऊला ते प्रसारित करायचे, असा तो रतीब होता. पहिल्या गीताचा कागद आयत्या वेळी हरवला, तेव्हा चिडलेल्या माडगूळकरांना एका खोलीत बसवण्यात आले आणि त्यांनी पाऊण तासही न घेता ते आठवून पुन्हा लिहून काढले, अशी हकिकत सांगितली जाते. ते गीत म्हणजे कुश-लवांच्या तोंडून रामकथेला प्रारंभ करणारे, भूप रागातले, जे आज पुण्यात शाळेतल्या मुलांनाही येते. वाकडेवाडीवरून जाताना 'पंचवटी' बंगल्याच्या जवळ आले की मला हटकून तो हरवलेला कागद आठवतो, आणि तो नंतर कोणाला तरी सापडला असेल का, असा निरर्थक प्रश्न पडतो.

आई तेव्हा दहा वर्षांची होती आणि नारायण पेठेतील एका वाड्यात राहत होती. वाड्यात रेडिओ एकच, तोही मालकांकडे. शुक्रवारी सकाळी सगळ्या बिऱ्हाडांतल्या बायका हातातले काम टाकून त्यांच्या ओसरीवर येत, मालकीणबाई रेडिओला हार घालून उदबत्ती लावत, आणि मग शाळेला उशीर झाला तरी कोणी मुलांना रागावत नसे. आपण आज सगळी गीते बाबूजींच्याच आवाजात ऐकतो, म्हणून आईच्या कानात वेगळे आवाज आहेत याचा मला अनेकदा विसर पडतो. तिच्या लेखी गीतरामायण म्हणजे माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके. शिवाय तिने ते एकेक आठवडा थांबून ऐकलेले आहे. वनवासातल्या रामाची पुढची हकिकत कळायला तिला पुढच्या शुक्रवारची वाट पाहावी लागे, आणि कथा ठाऊक असूनही ती वाट खरी असे.

दुपारी मी तारखेची बाजू सिद्ध करायला कागद घेऊन बसले. वर्षाचे आठवडे बावन्न, म्हणजे गाणीही बावन्न व्हायला हवीत. पण गीतरामायणात ती छप्पन आहेत. सांगता झाली १९ एप्रिल १९५६ रोजी, म्हणजे पहिल्या प्रसारणानंतर ३८४ दिवसांनी. एका रामनवमीपासून दुसऱ्या रामनवमीपर्यंत हे एवढे दिवस कसे झाले, हे पंचांगाच्या हिशेबाने उलगडून मी ते आईला ऐटीत सांगायला गेले. म्हटले, त्या वर्षी मध्ये एक अधिक मास आला होता, आणि त्याच्यामुळे ही चार गाणी वाढली.

"भाद्रपद," आई म्हणाली. "गणपती किती उशिरा आले होते. ताईचे लग्न त्याच वैशाखातले, म्हणून जावयाचा पहिला धोंड्याचा महिना. तेहतीस अनारसे तळत होती माझी आई, आणि शुक्रवार होता. गाणे लागले तशी ती कढई उतरवून ओसरीवर गेली, आणि खाली राहिलेले पीठ मांजराने खाल्ले."

माझा कागद मी घडी घालून रोजनिशीत ठेवून दिला. डाव्या पानावरची नोंद तशीच ठेवली आहे, पण समोरच्या बाजूला, ६ एप्रिलच्या पानावर, पेन्सिलने एक खूण केली आहे. रविवारी सकाळी पावणेनऊला आईला पहिले गीत लावून द्यायचे आहे, आणि अनारशांचे पीठ कुठे चांगले मिळते ते उद्या विचारायचे आहे.