जपानची जुनी गाडी आता "स्वस्तात मस्त" राहिली नाही

पुण्या-नाशकाहून कुणी नवीन ऑकलंडला आलं की भाड्याचं घर मिळायच्या आधी पहिला प्रश्न असतो, गाडी कुठली घेऊ? आणि इथले जुने लोक दरवेळी तेच सांगतात, "अरे जपानी इम्पोर्ट घे, पाच हजार डॉलरात मस्त माझदा डेमिओ मिळते." ही दहा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे राव. बाजार पार बदललाय आणि आपले लोक अजून त्याच भावात बोलतायत, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू, म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर परत परत टाइप करायला नको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूझीलंडमधे पूर्वी गाड्यांची जोडणी व्हायची, सुटे भाग बाहेरून यायचे आणि थेम्स, पोरिरुआ, नेल्सन असल्या छोट्या गावांत कारखाने होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सरकारने वापरलेल्या गाड्या आणायची बंधनं सैल केली, मग १९९८ मधे गाड्यांवरची ड्युटीच शून्य केली आणि उरलेसुरले कारखाने त्याच वर्षी बंद. तेव्हापासून आपण जपानने काढून टाकलेल्या गाड्यांवर जगतोय. तिकडेही डावीकडून चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे अडचण काहीच नाही. वर तिकडे "शाकेन" नावाची सरकारी तपासणी असते, नवी गाडी असेल तर तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी, तिचा खर्च बराच येतो, म्हणून चांगली धडधाकट गाडी लोक सात-आठ वर्षांत विकून मोकळे होतात. तीच गाडी इथे येऊन आणखी दहा-बारा वर्षं आरामात पळते.

पहिल्यांदा अशी गाडी घेतली की गंमत वाटते. स्टार्ट केली की एक बाई गोड आवाजात जपानीत काहीतरी बोलते, आपल्याला वाटतं वेलकम म्हणतेय, प्रत्यक्षात ती सांगत असते की टोलचं कार्ड घातलेलं नाही. इथे ते कार्ड कधीच घातलं जाणार नसतं पण ती बिचारी रोज सकाळी सांगते. नकाशा जपानचाच, त्यामुळे स्क्रीनवर तुमची गाडी बऱ्याचदा भर समुद्रात नाहीतर टोकियोत उभी. एफएम रेडिओ ७६ ते ९० मेगाहर्ट्झपर्यंतच पकडतो, इथली स्टेशनं ८८ ते १०८, म्हणजे इथली स्टेशनं पकडून देणारा बँड एक्सपँडर लावेपर्यंत दोन-तीन स्टेशनांवर समाधान.

तर बदललं काय? एक गोष्ट नाही, एकावर एक पाच-सहा गोष्टी आल्या.

नियमांपासून सुरू करतो. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे वळणावर गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी सिस्टिम, ती आणायच्या गाडीत असायलाच हवी हा नियम टप्प्याटप्प्याने आला आणि मार्च २०२० पासून जवळपास सगळ्या वापरलेल्या प्रवासी गाड्यांना लागू झाला. चांगलाच नियम आहे, माझी काहीच तक्रार नाही. पण त्या डेमिओ, विट्झ, फिट असल्या स्वस्त छोट्या गाड्या होत्या ना, त्यातल्या बऱ्याच जुन्या मॉडेलमधे ही सिस्टिमच नव्हती. म्हणजे सगळ्यात खालचा थरच गेला.

त्याच्या आधी २०१८ मधे वेगळंच काहीतरी. जपानहून आलेल्या गाड्यांच्या जहाजांवर स्टिंक बग नावाचा घाणेरड्या वासाचा किडा सापडला आणि चार जहाजं सरळ परत पाठवली. इथल्या किवी आणि सफरचंदांच्या बागांना तो किडा परवडणारा नाही हे खरंच. तेव्हापासून सप्टेंबर ते एप्रिल जपानहून निघायच्या आधीच गाड्या तापवून घ्याव्या लागतात. तो खर्चही शेवटी आपल्याच बिलात.

आणि मग सरकारच्या क्लीन कार योजनेचं प्रकरण. यावर मी वैतागलोय हे आधीच सांगतो. जुलै २०२१ पासून इलेक्ट्रिक गाडीवर सबसिडी, वापरलेल्या इम्पोर्टवर ३,४५० डॉलर. एप्रिल २०२२ पासून जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर दंड. झालं, जो तो निसान लीफच्या मागे, त्या २४ किलोवॅट-अवर बॅटरीच्या जुन्या लीफसुद्धा धडाधड खपल्या, त्यांच्या बॅटरीला नीट कूलिंग नसतं त्यामुळे क्षमता उतरत जाते आणि मीटरवरचे बारा बार एकेक करून गळायला लागतात. २०२३ च्या निवडणुकीत सरकार बदललं, ३१ डिसेंबर २०२३ ला सबसिडी बंद, आणि एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रिकवाल्यांना दर हजार किलोमीटरला ७६ डॉलर रोड युजर चार्ज, म्हणजे रस्ता वापरायचे पैसे. अडीच वर्षांत अख्खा बाजार एकदा इकडे पळवला आणि मग तिकडे. ज्या छोट्या इम्पोर्टरने सबसिडी बघून यार्डभर लीफ भरून ठेवल्या त्याने काय करायचं? पर्यावरणाचं धोरण मला मान्य आहे, पण धोरण म्हटलं की दहा वर्षं तरी टिकायला नको का?

आता येन. सगळे म्हणतात येन पडलाय, मग गाड्या स्वस्त व्हायला पाहिजेत. २०२० मधे आपल्या एका डॉलरला साधारण ७० येन मिळायचे, २०२४ मधे ९० च्या वर. हिशोबाने बरोबर आहे, पण या गाड्या जपानमधे लिलावात विकल्या जातात आणि त्या लिलावाला आपण एकटे थोडेच जातो! येन जसा आपल्याला स्वस्त तसा दुबईवाल्याला, मंगोलियावाल्याला, केनियावाल्यालाही. त्यात ऑगस्ट २०२३ मधे जपानने रशियाला १९०० सीसीच्या वरच्या आणि हायब्रिड, इलेक्ट्रिक गाड्या पाठवणं बंद केलं. मग रशियन गिऱ्हाइकासाठी उरलं काय, छोट्या पेट्रोल गाड्या, ज्या नेमक्या आपल्यालाही हव्या असतात. हायब्रिडकडे जावं तर तिथे श्रीलंका. त्यांनी २०२० मधे आयात बंद केली होती, २०२५ च्या फेब्रुवारीत खासगी गाड्यांसाठी परत उघडली. मंडईत सगळं गाव एकाच टोपलीवर तुटून पडल्यासारखं झालंय, टोमॅटो कितीही पिकले तरी भाव उतरत नाही.

दुसऱ्या बाजूने नव्या चिनी गाड्या आल्यात. सात वर्षं जुन्या हायब्रिडला जी किंमत मोजायची त्यात आणखी थोडे पैसे घातले की शून्य किलोमीटरची, वॉरंटीची गाडी येते, आणि आपल्या लोकांना "नवी कोरी" या शब्दाचं केवढं आकर्षण ते काय सांगायला पाहिजे का! २००३ च्या सुमारास इथे वर्षाला दीड लाखाच्या आसपास जुन्या प्रवासी गाड्या यायच्या. ते दिवस आता यायचे नाहीत असं माझं मत.

तरीपण घ्यायची असेल तर एक काम नक्की करा, लिलावाचा कागद मागा, ऑक्शन शीट. एका ए-फोर पानावर गाडीचं वरून काढलेलं चित्र असतं आणि त्यावर बारीक बारीक खुणा. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे तिथे आधी रिपेअर करून रंग मारलाय, एस म्हणजे गंज, दोन एक्स म्हणजे तो भागच बदललाय. अक्षरापुढचा आकडा जेवढा मोठा तेवढं नुकसान जास्त. वर कोपऱ्यात ग्रेड असते, चार किंवा साडेचार असेल तर डोळे झाकून नाही पण निम्मे झाकून घ्यायला हरकत नाही, आर असेल तर अपघात होऊन दुरुस्त झालेली. बऱ्याचदा इन्स्पेक्टर हाताने जपानीत दोन ओळी खरडतो, खरा मसाला तिथेच असतो, मोबाईलचा कॅमेरा धरून भाषांतर करून बघा. माझ्या एका मित्राला एका डीलरने "शीट हरवली" म्हणून सांगितलं होतं, मी त्याला म्हटलं मग तूही हरव, दुसरीकडे बघ. गाडी बर्फाच्या भागातून, होक्काइडो वगैरेकडून आली असेल तर खाली वाकून चेसिस बघाच, तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने गंज चढतो.

लीफ घेणार असाल तर बॅटरीची हेल्थ ॲपवर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. रोज तीस-चाळीस किलोमीटरच जायचं असेल तर अजूनही ती वाईट नाही, उलट सबसिडी गेल्यावर भाव पडलेत. नाहीतर टोयोटाची हायब्रिड अॅक्वा. सगळे तेच सांगतात, मीही तेच सांगतो, महाग झालीय पण पेट्रोल वाचतं.

आणि हो, परवा एकाने विचारलं, परत भारतात जाताना हीच गाडी घेऊन जाता येईल का. दादा, भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि ड्युटी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त बसते. आपली अॅक्वा इथे येतानाच सात वर्षांची असते. इथेच विका.