मत्स्यखाद्यात घालायच्या अळीच्या पावडरसाठी पाटसच्या पुढे जाताय? आधी हे वाचा

"हायवे टच आहे सर" असं युनिटवाल्याकडून फोनवर ऐकून निघालात तर फसाल. हडपसर ते लोणी काळभोर ट्रॅफिकचं पुणेकरांना वेगळं सांगायला नको, सहाच्या आत बाहेर पडा, सोलापूर हायवेने पाटसपर्यंत रस्ता मस्त. खरी वाट लागते ती हायवे सोडल्यावर. उसाच्या ट्रॉल्यांनी काळ्या मातीत पाडलेल्या चाकोऱ्या, त्यात आदल्या रात्री अवकाळी झालेला, गाडी पोटावर टेकली ती हलेचना, शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने ओढून काढली आणि पाचशे घेतले, दोर तर असा तयार ठेवलेला की रोजचाच धंदा असावा. पाऊस झाला असेल तर कार आत नेऊच नका, फाट्यावर लावा आणि युनिटवाल्यांचा पिकअप बोलवा, आढेवेढे घेतात पण येतात.

युनिट बघण्यासारखं आहे. अळी ज्या माशीची ती ब्लॅक सोल्जर फ्लाय चावत नाही, घाण वास येतो तो अळ्यांना घातलेल्या हॉटेलच्या खरकट्याचा.

पण भाव! फोनवर एक, गेटवर किलोमागे वीस रुपये जास्त, वर "साठ टक्के प्रोटीन, फिश मीलच्या तोडीचं". (फिश मील म्हणजे सुक्या माशांची पूड.) अहो, तेल न काढलेल्या पावडरीत साधारण ४० ते ४५ टक्के असतं, तेल काढलं तर ५५-६० वर जातं, आणि यांच्याकडे प्रेसच नाही! चिमूटभर कागदावर दाबली तर तेलाचा डाग पडला. रिपोर्ट दाखवतील, पण त्यात प्रोटीन काढायला नायट्रोजनला ६.२५ ने गुणलेलं असतं, अळीच्या कायटिनमध्येही, म्हणजे तिच्या टणक सालीतल्या घटकातही, नायट्रोजन असतो म्हणून आकडा फुगतो. तोच नायट्रोजन ४.७६ ने गुणा, साठाचे ४६ सुद्धा होत नाहीत. हा हिशोब तोंडावर मांडला तेव्हा वीस रुपये गपचूप उतरले. काळ्या पडलेल्या अळीचा माल नको, कायटिन अजून जास्त, पांढरट अळीचाच मागा.

चिलापी (तिलापिया) माशाला फिश मील एकदम बंद करू नका, पाव भाग बदलून बघा, ईपीए-डीएचए, म्हणजे फिश मीलमधले ओमेगा-३, अळीत नसल्यात जमा. आणि तेलकट पावडर जास्त झाली की पेलेट, म्हणजे खाद्याची गोळी, नीट बांधत नाही, पाण्यात विरघळतं, पैसे तळाला.

येताना भिगवणला जेवलो, छान.

जिवंत अळ्या घेणार असाल तर क्रेट आतून कोरडा ठेवा आणि झाकण जाळीचं लावा. भिंत ओली असली की वर चढतात, मग सीटखालून वेचत बसा.