तक्रारीचा प्रकार : इतर

आमच्या तक्रार-अर्जावर सहा चौकटी होत्या. बस उशिरा आली, बस थांबली नाही, चालकाची वागणूक, अस्वच्छता, हरवलेली वस्तू आणि इतर. फोन आला की आधी चौकट निवडायची, मग मजकूर लिहायचा. 'इतर' फार वाढले की मॅनेजर खोलीतून बाहेर यायचा. बसबद्दल माणसाचं जे काही म्हणणं असू शकतं ते पहिल्या पाचांत मावतं, असं त्याचं मत होतं. वीस वर्षं या धंद्यात काढलेला माणूस, त्यामुळे मत उगाच नव्हतं. ६ जानेवारी २००९ पर्यंत तर ते खरंही होतं.

लंडनमधल्या एका बस गॅरेजला लागून असलेल्या ऑफिसात मी तेव्हा फोन घ्यायचे. नोकरीला जेमतेम चार महिने झाले होते. त्या मंगळवारी हाडं गोठवणारी थंडी होती, त्यामुळे सकाळचे फोन ठरलेलेच: बस कुठे आहे, हीटर का बंद आहे. अकराच्या सुमाराला रेडिओवर बातमी लागली आणि पुढचा फोन वेगळाच आला.

"देव नाही असं लिहिलेली बस कुठल्या नंबरची?"

मी म्हटलं, सांगता येणार नाही. खरोखरच सांगता येत नव्हतं. जाहिरात गाडीवर असते, मार्गावर नाही. आणि कुठली गाडी कुठल्या मार्गावर निघेल ते पहाटे गॅरेजमध्ये ठरतं.

"म्हणजे मला ती टाळता येणार नाही?"

"आली तर सोडून द्या. सात मिनिटांनी दुसरी आहे."

"आणि तिच्यावरही तेच असलं तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी 'इतर'वर खूण केली.

बसवरचं वाक्य असं होतं: देव बहुधा नाही. तेव्हा काळजी सोडा आणि आयुष्याचा आनंद घ्या. त्यामागची गोष्ट आम्हाला वर्तमानपत्रांतून माहीत झाली होती. आदल्या वर्षी जूनमध्ये एरियन शेरीन या विनोदी लेखिकेने लंडनच्या बसवर एक ख्रिस्ती जाहिरात पाहिली. तिच्यावर बायबलचं वचन आणि एका संकेतस्थळाचा पत्ता होता. तिथे जाऊन वाचलं तर येशूला न मानणाऱ्यांना अनंतकाळ नरकवास, अशी सोय लावून दिलेली. तिने 'गार्डियन'साठी लिहिलं की आपणही उलट एक दिलासा देणारी जाहिरात लावू. ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश ह्युमॅनिस्ट असोसिएशन या निधर्मी मानवतावादी संघटनेच्या मदतीने वर्गणी सुरू झाली. उद्दिष्ट साडेपाच हजार पौंड, तेवढेच नास्तिक शास्त्रज्ञ-लेखक रिचर्ड डॉकिन्स घालणार, आणि त्यात तीसेक बस. जमले दीड लाखाहून जास्त. म्हणून जानेवारीत देशभर आठशे बस निघाल्या आणि त्यातल्या काही आमच्या गॅरेजमधून निघाल्या.

इथे एक सांगायला हवं, कारण फोनवर ते मला दिवसभर सांगावं लागलं. बसच्या अंगावरची जागा बस कंपनी विकत नाही, ते काम वेगळ्या कंपनीचं. रात्री त्यांची माणसं येतात, जुना कागद काढतात, नवा लावतात आणि जातात. सकाळी आपल्या गाडीवर काय आहे हे आम्हालाही रस्त्यावरच्या माणसाइतकंच कळतं. "म्हणजे तुम्हीसुद्धा विश्वास ठेवत नाही का?" असं एकीने विचारलं, तेव्हा तिला जाहिरात कंपनीची माहिती हवी होती की माझी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुपारपर्यंत फोनचे प्रकार पाडता यायला लागले. थेट देवाच्या बाजूने बोलणारे मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी निघाले. भांडण होतं ते एका शब्दावर. एका निवृत्त शिक्षकासारख्या आवाजाने विचारलं, 'बहुधा' म्हणजे किती टक्के? आकडा असेल तर पुरावा द्या, नसेल तर शब्द काढा. (पुढे ख्रिश्चन व्हॉइस संघटनेच्या स्टीफन ग्रीन यांनी जाहिरात मानक प्राधिकरणाकडे जी तक्रार केली तिचा रोखही हाच होता: दावा करता, तर सिद्ध करा.) त्यानंतर लगेच एक जण भलताच तापलेला. मला वाटलं, हाही धार्मिक असणार. तर तो म्हणाला, "मी या जाहिरातीला दहा पौंड दिलेत. 'बहुधा'साठी दिले नव्हते!" त्याला ठाम नकार हवा होता. ही तक्रार बस कंपनीकडे कशी, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण प्रशिक्षणात शिकवलं होतं, ग्राहकाचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्या.

तो 'बहुधा' उगाच आलेला नव्हता. सरळ 'देव नाही' म्हटलं तर जाहिरातीच्या नियमांत अडचण येईल असा सल्ला मिळाला होता. शिवाय 'बहुधा जगातली सर्वोत्तम' म्हणणाऱ्या बिअरची जाहिरात ब्रिटनमध्ये शेंबड्या पोरालाही पाठ. स्वतः डॉकिन्स यांना 'जवळजवळ नक्कीच' हा शब्द जास्त आवडला असता. म्हणजे नास्तिकांच्या घरातही एकमत नव्हतंच.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मला विचारलं, तुमच्या भाषेत हे कसं म्हणाल? मी सहज म्हटलं, "देव नसावा." तिने मोजून पाहिलं आणि म्हणाली, दोनच शब्द? यात 'बहुधा' कुठे आहे? मी सांगितलं, तो क्रियापदाच्या पोटात आहे. मग तिला समजावताना माझ्याच लक्षात आलं की 'नसावा'च्या पोटात आणखीही एक बसलाय. शत्रूच्याही वाट्याला असा दिवस नसावा, म्हणतो ना आपण, तो. म्हणजे देव बहुधा नाही, आणि देव नसलेलाच बरा, दोन्ही एकाच शब्दात. मराठीत हा कागद बसवर लागला असता तर माझ्या फोनचं काही खरं नव्हतं.

तीनच्या सुमाराला पाय मोकळे करायला गॅरेजमध्ये गेले. शिफ्ट बदलायची वेळ. आमचा एक घानाहून आलेला चालक, रविवारी चर्चमध्ये गाणारा, त्या बसशेजारी उभा राहून चहा पीत होता. मला वाटलं, हा आता काहीतरी बोलणार. त्याने गुलाबी अक्षरांकडे पाहिलं आणि म्हणाला, "डिसेंबरभर मी आतल्या कपड्यांची जाहिरात घेऊन फिरलो. ती बाई एवढी मोठी होती. चर्चच्या समोरून रोज चार फेऱ्या. तेव्हा मला कुणी विचारलं नाही की तुला चालेल का." मी विचारलं, मग आता? तो म्हणाला, "चालक बसला आत. त्याला पुढचा रस्ता दिसतो आणि आरशात मागची गाडी दिसते. या बसवर काय लिहिलंय हे न दिसणारा शहरातला एकटा माणूस मी." कप चुरगाळून टाकला आणि गाडी काढली.

सगळ्यांनी असं घेतलं नाही. त्याच आठवड्यात साउदॅम्प्टनमध्ये एका ख्रिस्ती चालकाने ती बस चालवायला नकार दिला आणि तो घरी निघून गेला. दुसरी गाडी नसेल तेव्हाच ती द्यायची, एवढ्या बोलीवर तो परत आला. आमच्याकडे त्यावर बरंच बोलणं झालं. मला तो चुकला असं वाटत नाही. आमचा घानावालाही चुकला असं वाटत नाही.

मग साडेचारचा फोन.

आवाज पन्नाशीच्या बाईचा, शांत. मागे रहदारी. मी नेहमीसारखं विचारलं, तक्रार कशाबद्दल? ती म्हणाली, बसवरच्या जाहिरातीबद्दल. मी न विचारताच ठरलेलं उत्तर सुरू केलं: जाहिरातीतली मतं कंपनीची नसतात, आपल्या भावना दुखावल्या असतील तर... तिने मध्येच थांबवलं.

"देवाबद्दल नाही. पहिल्या वाक्याशी माझं काही भांडण नाही. मी दुसऱ्याबद्दल बोलतेय."

मी कागद पुढे ओढला.

ती वुलवर्थ्समध्ये कामाला होती. आजच्या पिढीला कदाचित सांगावं लागेल, पण ब्रिटनमध्ये असं एक गाव नव्हतं जिथे त्या दुकानातून वह्या, खेळणी आणि सुट्या गोळ्या घेतल्या नाहीत. नोव्हेंबरमध्ये कंपनी बुडाली. आठशे सात दुकानं, सत्तावीस हजारांच्या आसपास नोकऱ्या. एकेक करत दुकानं बंद होत गेली आणि शेवटची दोनशे बंद झाली तो दिवस होता ६ जानेवारी. हाच. ती शेवटच्या दोनशेपैकी एका दुकानात होती. शेवटी शेवटी शेल्फ आणि काउंटरसुद्धा विकायला काढले होते म्हणे. ती दुकानातून बाहेर पडून थांब्यावर उभी राहिली आणि समोर येऊन थांबलेल्या बसने तिला सांगितलं, काळजी सोडा, आनंद घ्या.

"मला एवढंच विचारायचंय," ती म्हणाली, "माझी काळजी देवामुळे आहे असं त्यांना कुणी सांगितलं?"

दिवसभरात मी अनेकांशी बोलले होते. धर्ममार्तंड, तर्कशास्त्री, आम्हालाही अशी जाहिरात लावायला किती पडतील असं विचारणारा एक पाद्री. त्यातल्या कुणाचीही नजर त्या दुसऱ्या वाक्यावर गेली नव्हती. माझीही नव्हती. शेरीनबाईंनी ते नरकाला भिणाऱ्या माणसासाठी लिहिलं होतं, हे मला माहीत होतं आणि ते वाक्य मनापासून लिहिलेलं होतं. पण बस काही फक्त त्याच माणसासमोर थांबत नाही.

मी तिला हे काही बोलले नाही. अर्जातला शेवटचा प्रश्न विचारला: आपली अपेक्षा काय?

ती थोडा वेळ गप्प राहिली. "दुसरं वाक्य खोडा. पहिलं राहू दे." मग म्हणाली, "आणि लिहा की बस वेळेवर होती. चालक बरा होता, माझ्या हातात पिशव्या बघून थांबला." मी तेही लिहिलं.

पुढचं मी बातम्यांत वाचलं. प्राधिकरणाकडे तीनशेहून अधिक तक्रारी गेल्या आणि जानेवारीतच निकाल आला: हे जाहिरातदाराचं मत आहे, ते सिद्ध करता येण्यासारखं नाही, नियमभंग नाही. मेथडिस्ट चर्चने तर लोक देवाबद्दल बोलायला लागले म्हणून मोहिमेचं स्वागत केलं होतं. थिऑस या धर्मविषयक अभ्यासगटाने तिला पन्नास पौंडही दिले होते. ब्रिटिश मंडळींचा हा तिरका विनोद मला हळूहळू कळायला लागला होता. इटलीत नास्तिकांनी 'बहुधा' गाळून टाकला (वाईट बातमी ही की देव नाही, चांगली ही की तुम्हाला त्याची गरज नाही), पण तिथल्या जेनोआ शहरात जाहिरातीची जागा विकणाऱ्यांनी नकारच दिला. फेब्रुवारीत ख्रिश्चन पार्टीने लंडनच्या बसवर 'देव नक्कीच आहे' असं लावलं. त्या 'नक्कीच'वर बाराशेच्या वर तक्रारी गेल्या, त्या वर्षीच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त. आणि राजकीय पक्षाची जाहिरात म्हणून प्राधिकरणाला त्यात हातही घालता आला नाही. माझ्या मॅनेजरचा निष्कर्ष असा की लोक देव सहन करतात, देव नसणंही सहन करतात, फक्त खात्रीने सांगू नका. तो माणूस चौकटींच्या बाहेर विचार करायचा तेव्हा बरा करायचा.

२ फेब्रुवारीला एवढा बर्फ पडला की लंडनमधल्या सगळ्या बस बंद ठेवाव्या लागल्या. सकाळी पहिला फोन आला, "आता पटलं?" आणि ठेवला. कुणी केला ते कळलं नाही. ती नोंद मी 'बस थांबली नाही'मध्ये टाकली.

साठलेल्या 'इतर'चा गठ्ठा घेऊन मॅनेजर फेब्रुवारीच्या मध्याला माझ्या टेबलाशी बसला. बहुतेक अर्ज झरझर उलटले. वुलवर्थ्सच्या बाईचा दोनदा वाचला.

"बस वेळेवर होती?"

"हो."

"चालक बरा होता?"

"हो."

"मग ही तक्रार कशी?"

मी म्हटलं, दुसऱ्या वाक्याबद्दल आहे. त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, जाहिरात कंपनीला पाठव. मी पाठवली. दहा दिवसांनी उत्तर आलं: सदर जाहिरातीची मुदत संपली असून ती वाहनांवरून काढण्यात आली आहे. त्यामुळे अर्जावर नियमाप्रमाणे 'निकाली' असा शिक्का मारावा लागला, तो मी मारला.