तुम्ही विचारलंत म्हणून... विज्ञानाच्या तासाला सिनेमा कशाला?

पालकसभेत, स्टाफरूममध्ये, परवा तर लग्नाच्या पंगतीतही तेच. "सर, सिनेमे बघून पोरांना विज्ञान येतं का हो?" आणि लगेच, "मग पोर्शन कधी संपवता?" पोर्शन दरवर्षी जानेवारीत संपतो. लिहून ठेवतो, म्हणजे त्या बाजूने तरी सुटलो.

पूर्वी मी "गोडी लागते" म्हणून मोकळा व्हायचो. ते उत्तर आता माझं मलाच पटत नाही. गोडी काय, शाळा लवकर सुटण्याचीही लागते. मला आवडतं ते पोरांचं पडद्याशी भांडणं. 'द मार्शियन' (2015) दाखवला तेव्हा सुरुवातीच्या वादळावरच दोन तासिका गेल्या. मंगळावर हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, तिथलं वादळ यान काय उलथवणार? मूळ कादंबरीच्या लेखकाने स्वतःच कबूल केलंय, की हे ठाऊक असूनही गोष्टीसाठी वादळ घातलं. वर्गाने त्याला मोठ्या मनाने माफ केलं. मीही केलं.

मग आठवीला फाळक्यांची गोष्ट सांगितली. 'राजा हरिश्चंद्र' 1913चा. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम टिपून त्याची फिल्म केली आणि तीच दाखवून भांडवल उभं केलं. पोरं म्हणाली, आपण करू.

माझा काच तडकलेला जुना फोन, खाली तीन विटा. दर तासिकेच्या घंटेला एक फोटो. रोज आठ, शनिवारी अर्धी शाळा म्हणून चार. अडीच आठवड्यांत 120 फोटो झाले, म्हणजे सेकंदाला 24 धरले तर पाच सेकंदांची फिल्म. रात्री फोटो नाहीत, त्यामुळे रोज सकाळी वाटाणा टुणकन उडी मारायचा, आणि सोमवारी जरा मोठी. कुंडी आणि फोन एका मुलाच्या ताब्यात होते. नाव सांगत नाही. रविवारीही पाणी घालायला यायचा, एवढं सांगतो.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, भिंतीवर फिल्म लावली. टाळ्या पडल्या, "सर, परत". तिसऱ्यांदा मी ती एकेक फोटो करत दाखवली, आणि तिथे मला दिसलं. 88व्या फोटोत चार पानं, 89व्यात तीन. शनिवार ते सोमवार रोप चक्क उलटं वाढलं होतं.

"हे काय रे?" मी सगळ्यांसमोर विचारलं. तो उठला. रविवारी कुंडी खिडकीतून पडली होती. वर्गात वाटाणा लावला त्याच दिवशी त्याने घरीही एक लावला होता, ती कुंडी आणून ठेवली. म्हणजे फसवायचं म्हणून नव्हे, हे तेव्हाही कळत होतं. तरी मी बोललोच, "विज्ञानात असलं चालत नाही. हा काय सिनेमा आहे?"

"सर, पण आपण सिनेमाच करत होतो ना?"

वर्ग हसला. मला ते हसणं लागलं. मी त्याच्याकडून फोन काढून घेतला आणि उरलेला तास त्याला दारापाशी उभं केलं. वादळ घालणारा लेखक सुटला, वाटाणा बदलणारा पोरगा सापडला.

तुम्ही म्हणाल, शिक्षकाने नोंदीतली लबाडी खपवून घ्यायची का? नाही. आजही नाही घेणार. पण बाजूला बोलावून विचारता आलं असतं, तिथेच एका पट्टीवर "कुंडी बदलली" लिहून ती फोटोंच्या मध्ये घालता आली असती. हे सुचायला मला दोन वर्षं लागली. मग वाटतं, पट्टी घातली असती तर ती फिल्म वाटाण्याची राहिली असती की त्या पोराची झाली असती? यावर माझं माझ्याशी अजून भांडण चालू आहे.

गेल्या वर्षी मी फक्त पहिले 88 फोटो दाखवले. पावणेचार सेकंदसुद्धा नाही. कुणाला काही कळलं नाही, आणि कापाकापी मीही केलीच की.

तो आता दहावीत आहे. सिनेमाच्या तासाला मागच्या बाकावर वही उघडून बसतो. या वेळी 120च्या 120 लावायचे ठरवलेत, मध्ये पट्टी घालून. परवा व्हरांड्यात गाठून त्याला विचारलं, "चालेल ना?"

"तुमची फिल्म आहे सर," म्हणाला, आणि सायकल काढायला गेला.