मामा तलावाचा आराखडा लिहिताना

माझं अक्षर बरं आहे, एवढ्या एका गुणावर ग्रामसभेनं तलावाचा आराखडा लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. तलाव मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या, सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यातला. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं आमच्याकडे असे तलाव बांधले. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती टाकायला निघणारा गावही हळूहळू घरी बसला.

पहिला आराखडा मी ओट्यावर बसून दोन संध्याकाळींत उरकला. गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे, तलावात माजलेली बेशरमेची झुडपं तोडणे. वाचून दाखवत होतो, तर मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातली एक आजी मध्येच म्हणाली, "तलावात पानी कोठून येते रे बाबू? पाळीतून?" लोक हसले. मी वही मिटली.

मग एप्रिलात, मोहफुलं वेचून बाया परतत होत्या तेव्हा, पाणी कुठून येतं ते बघायला आम्ही अकरा जण नाल्यानं वर जंगलात निघालो. दोन ठिकाणी काठ खचलेला, लाल माती उघडी. वरची जुनी बोडी, म्हणजे लहान तळं, गाळानं इतकी भरलेली की गुरं तिच्यात चरत होती. तलावातला गाळ येत होता तो इथून. आणि नाल्याच्या पात्रात सरकलेली एक बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत, माझ्याच काकांची निघाली. तेही सोबत होते. त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. मीही नकाशात ती जागा फिक्या पेन्सिलीनं दाखवली, खोटं कशाला सांगू.

बेशरमेचा धडा आधीच मिळाला होता. आदल्या वर्षी श्रमदानातून तोडून पाळीवरच ढीग घातला होता. पाऊस पडला आणि कांड्या-कांड्यांना मुळं फुटली. आता आराखड्यात लिहिलं: पाणी उतरल्यावर मुळासकट उपटायची, वाळवायची, मग जाळायची. गाळाबद्दल ढीवरांचं ऐकलं. पाळीच्या पायथ्याशी खोदू नका, आणि उथळ कडा यंत्रानं खरवडू नका; तिथल्या गवतातच मासा अंडी घालतो.

खरं भांडण पाण्यावरून झालं. तीन सभा त्यातच गेल्या. धानवाल्यांना शेवटचं पाणी हवंच, ते सगळ्यांना मान्य. पण काही जण त्याच पाण्यावर उन्हाळी धानही काढत आणि मे महिन्यात तलावाचं डबकं होई. "मंग मासा का तुमच्या रांजनात ठेवू?" असं एका ढिवरानं विचारल्यावर सभा तापलीच. उन्हाळी धान घेणाऱ्यांत माझा भाऊही होता, त्यामुळे घरी दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नाही.

इकडे कागद कार्यालयातून परत. वरचा भाग जंगलाचा, तो तुमच्या आराखड्यात कसा? दुसऱ्यांदाही तेच. आमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे, पण तो कागद सरपंचांच्या कपाटात होता आणि 2006 चा वनहक्क कायदा आमच्यापैकी कोणी उघडूनही पाहिला नव्हता. पाहिला तेव्हा कलम 5 मध्ये सरळ लिहिलेलं सापडलं: हक्कधारक आणि ग्रामसभा यांना लगतचं पाणलोट क्षेत्र आणि जलस्रोत राखण्याचा अधिकार आहे. कलम 3 मध्ये मासे आणि पाण्यातल्या इतर उपजाचा हक्कही. दोन्ही कलमं ठरावात उतरवून, हक्काच्या कागदाची प्रत जोडून तिसऱ्यांदा दिलं. या वेळी पोच मिळाली.

मंजूर सगळं झालं नाही. बोडीचं खोदकाम रोजगार हमीत बसलं. काठ बांधायचं काम अडलंय, कारण काकांनी बांधी अजून मागे घेतलेली नाही. त्यांच्याकडे दर रविवारी जातो, चहा होतो, विषय निघतो, पुन्हा चहा होतो.

तुडुमाच्या, म्हणजे तलावातून पाणी सोडायच्या तोंडाच्या, दगडी पायरीवर मात्र लाल तेलरंगाची रेघ आहे. धानवाल्यांनी आणि ढिवरांनी मिळून ओढली, पाणी तिथं आलं की तुडुम बंद. रेघ जरा तिरपी आलीय. ब्रश माझ्या भावाच्या हातात होता.