जपानमध्ये आई-बाबा, मी आणि मोबाईल

जपानचं ठरलं की सगळे चेरी ब्लॉसम कधी आणि बुलेट ट्रेनचा पास घ्यायचा का हेच विचारतात, पण मी म्हणेन आधी फोनची तयारी करा. आम्ही तिघंच होतो, आई बाबा आणि मी, त्यात आई कट्टर शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही.

त्यामुळे फोनचा सगळ्यात जास्त उपयोग कुठे झाला तर सेव्हन-इलेव्हन आणि लॉसन या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांमध्ये. ओनिगिरी म्हणजे भाताचा तिकोनी मुटका, बाहेरून समुद्री शेवाळाचा पापुद्रा, दिसायला एकदम साधी, आत आंबट उमे म्हणजे खारवलेलं जपानी प्लम असलेली तर शाकाहारीच वाटते. पण पाकीट उलटं करून गुगल ट्रान्सलेटचा कॅमेरा धरला की मागच्या बारीक अक्षरांत बऱ्याचदा बोनिटो निघतो, म्हणजे मासा! तोच दाशीत, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या मूळ स्टॉकमध्ये, आणि दाशी उदोन नूडल्सच्या रश्शापासून सॉसपर्यंत सगळीकडे. आई शेजारी उभी राहून "परत एकदा बघ गं, नीट बघ" म्हणायची आणि मी पाकीट उजेडात धरून परत बघायचे. शेवटी नुसत्या मिठाची ओनिगिरी सापडली आणि सोबत घरचं मेतकूट होतंच. जपानी भाषा निघण्याआधीच डाऊनलोड करून ठेवा, नेट नसलं तरी चालते.

डेटासाठी ई-सिम घेतलं, आणि भारतातलं सिम बँकेच्या ओटीपीसाठी चालू ठेवलं, त्यावर डेटा रोमिंग बंद. ओटीपीचे मेसेज यावेत म्हणून इंटरनॅशनल रोमिंग मात्र घरूनच सुरू करून जा. चार्जरला चपट्या दोन पिनांचा अ‍ॅडाप्टर लागतो. सुइका, म्हणजे ट्रेन-बसचं टॅप करायचं प्रीपेड कार्ड, आपल्याकडच्या अँड्रॉइड फोनमध्ये सहसा चालत नाही, त्याला लागणारं फेलिका हे जपानी टॅप-तंत्र नसतं ना, म्हणून तिकडे गेल्यावर पर्यटकांसाठीची वेलकम सुइका कार्डं घेतली, डिपॉझिट नाही आणि 28 दिवस चालतात. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनला 200 च्या वर एक्झिट आहेत, तिथे मॅप्स कुठल्या नंबरच्या एक्झिटने बाहेर पडायचं ते सांगतं, त्यामुळे बाबांचे गुडघे वाचले.

आणि ट्रेनमध्ये कोणी फोनवर बोलत नाही! सगळ्यांच्या हातात फोन, पण सायलेंटवर. टोकियोच्या यामानोते लाईनच्या लोकलमध्ये असताना रत्नागिरीहून काकांचा व्हिडिओ कॉल आला, बाबांनी आजूबाजूला बघितलं, कट केला आणि "गाडीत आहे" असा मेसेज टाकला. शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, बोलायचंच असेल तर लोक उठून दोन डब्यांच्या मधल्या डेकवर जातात. मला हे फार म्हणजे फार आवडलं, आपल्या लोकलमध्ये स्पीकरवर रील्स लावणाऱ्यांनी हे एकदा बघायलाच हवं. काकांना मग हॉटेलवर गेल्यावर फोन, जपान साडेतीन तास पुढे, म्हणजे आमचे तिकडे रात्रीचे नऊ तेव्हा त्यांचे संध्याकाळचे साडेपाच, चहाची वेळ.

आणि हो, सेफ्टी टिप्स नावाचं अ‍ॅप टाकून घ्या, भूकंपाचा इशारा इंग्रजीतून येतो. पोलीस 110, अँब्युलन्स 119, हे दोन नंबर आणि हॉटेलचा जपानी पत्ता मी कागदावर लिहून आई-बाबांच्या फोनच्या कव्हरमध्ये घालून ठेवला होता, तुम्हीही ठेवा.