काळोखावर मारलेली काट

मुद्रितशोधकाने अर्थाच्या भानगडीत पडू नये, असं मला हे काम शिकवणाऱ्या काकांनी बजावलं होतं. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, गळलेली मात्रा पकडायची, आणि शंका आलीच तर समासात प्रश्नचिन्ह टाकून मोकळं व्हायचं. डिसेंबरातल्या त्या शुक्रवारी मी एकाच फर्म्यात, म्हणजे एकत्र छापायच्या पानांच्या गठ्ठ्यात, तीन ठिकाणी हा नियम मोडला.

पुस्तक होतं हिब्रू धर्मग्रंथातल्या निवडक उताऱ्यांचं, थेट हिब्रूवरून मराठीत आणलेलं. भाषांतर करणारे सर बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे. पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं ‘शनवार तेली’. सर कधीतरी हसत म्हणायचे, “पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या दिव्यांत तेल आम्हीच घातलंय, बाई.”

तर त्यातल्या निर्गम या पुस्तकाचा विसावा अध्याय. सीनाय पर्वतावर गडगडाट, विजा, धूर, लोक घाबरलेले. पुढचं वाक्य: ‘लोक लांबच उभे राहिले आणि मोशे जिथे देव होता त्या काळोखापाशी गेला.’ मी थबकले. देव आणि काळोखात? लोकांना मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, बाहेर काढणाऱ्या याच मोशेला झुडपातल्या आगीतून देवाची हाक आली होती. याच लोकांपुढे रात्री अग्नीचा खांब चालत होता. आणि माझं सगळं आयुष्य ‘तमसो मा ज्योतिर्गमय’ आणि दिवेलागणीच्या ‘शुभं करोति’त गेलेलं. मी ‘काळोखा’वर काट मारली आणि समासात लिहिलं: ‘प्रकाशापाशी? तपासावे.’

दुसरी काट नव्हती, नुसती शंका होती. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, पंचेचाळिसाव्या अध्यायात देव म्हणतो, मी प्रकाश घडवतो आणि अंधार निर्माण करतो. तिथे मी लिहिलं: ‘अंधार नाहीसा करतो, असे हवे का?’ तिसरी चूक सांगायची लाज वाटते. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात, जग निर्माण होतं तिथे, ‘संध्याकाळ झाली, सकाळ झाली, पहिला दिवस’ असं होतं. आपण सकाळ-संध्याकाळ म्हणतो, म्हणून मी उलटापालटीची खूण करून ठेवली.

सर चारला आले. चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाशी धरून त्यांनी पानं पाहिली. तिसऱ्या खुणेवर ते मोठ्याने हसले. “अहो, आमचा दिवस सूर्य बुडला की सुरू होतो. शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, शनिवारचा, पण लागतो आजच, दोन तासांत. दिवे त्याच्या आत लावायचे असतात. बायको थांबेल एक वेळ, सूर्य नाही थांबत. तेव्हा पटपट आटपा.”

यशयाच्या ओळीला मात्र त्यांनी वेळ दिला. प्रकाशासाठी तिथे ‘योत्सेर’ आहे, कुंभार मडकं घडवतो तेव्हाचं क्रियापद. अंधारासाठी ‘बोरे’. ते उत्पत्तीच्या पहिल्या ओळीतलं, आकाश आणि पृथ्वी निर्माण केली तिथलं, आणि या रूपात त्याचा कर्ता त्या ग्रंथात फक्त देवच असतो. म्हणजे मोठं क्रियापद वाट्याला आलं अंधाराच्या. त्याच वचनात पुढे देव म्हणतो की अरिष्टही मीच निर्माण करतो. सकाळच्या प्रार्थनेत ही ओळ घेताना पूर्वीच्या लोकांनी ‘अरिष्ट’ काढून ‘सर्व काही’ असा शब्द घातला. “तेव्हा तुमच्यासारखी पेन्सिल हातात घ्यावीशी त्यांनाही वाटली होती,” सर म्हणाले. “पण अंधाराला त्यांनीही हात लावला नाही.”

मग पहिली काट. मला वाटलं होतं, आता ऐकून घ्यावं लागणार. सरांनी उलट मलाच विचारलं, “तुमच्या गावच्या देवळात गाभारा कसा आहे?”

अंधारा. दगडी, खिडकी नसलेला, एका समईवर चाललेला. लहानपणी बाहेरच्या उन्हातून आत गेलं की क्षणभर काहीच दिसायचं नाही, आधी तेलाचा आणि ओल्या फुलांचा वास यायचा. अलीकडे तिथे ट्यूबलाइट लावलीय, ती मला मनापासून आवडत नाही. हे सगळं मी बोलून गेले आणि बोलता बोलता माझं मलाच कळलं.

“यरुशलेमच्या मंदिरात आतल्या खोलीत समईसुद्धा नव्हती,” सर म्हणाले. “वीस हात लांब, वीस रुंद, वीस उंच. दिवे सगळे बाहेरच्या दालनात. शलमोन राजा मंदिर अर्पण करताना काय म्हणतो? परमेश्वराने म्हटलंय की मी अराफेलात राहीन. मोशे गेला तोही अराफेलच.”

मिसरवर तीन दिवस पडला तो अंधार वेगळा, त्याचा शब्द ‘खोशेख’. अराफेल म्हणजे ढगांनी दाटलेला काळोख. आजच्या इस्राएलमध्ये मात्र अराफेल म्हणजे साधं धुकं.

“मग मळभ?” मी म्हटलं.

सरांनी मान हलवली. “मळभ हटायची आपण वाट बघतो. इथे तो त्यात चालत जातोय.”

‘अंधारून आलेलं’ करून पाहिलं, वाक्यात बसेना. ‘घनांधकार’ म्हटल्यावर सरांनी तोंड वाकडं केलं. केडगावला पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं, तेही साध्या बायकांना कळावं म्हणून, असं ते म्हणाले. १९२२ साली बाई गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये आलं. त्यांच्यानंतर आपण घनांधकार लिहायचं? पण ‘घन’ मला सोडवेना. घन म्हणजे ढग, आणि घन म्हणजे दाटसुद्धा. दोन्ही अर्थ एवढ्याशा अक्षरांत दुसरीकडे कुठे मिळणार? शेवटी तडजोड झाली: घन संस्कृतातला, काळोख आपला. घन काळोख. सरांनी दोनदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, घड्याळाकडे बघितलं आणि पिशवी उचलली. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी माझ्या काटेखाली टिंबं दिली, म्हणजे ‘शब्द तसाच ठेवा’. समासातलं ‘प्रकाशापाशी?’ खोडरबराने पुसलं, पण पेन्सिल दाबून चालवली होती, वण राहिलाच.

डीटीपीवाल्या मुलाने दुरुस्ती घातली आणि वैतागून ओरडला, “मॅडम, एक शब्द वाढवलात आणि ‘गेला’ पुढच्या पानावर गेला!” तो परत आणायला त्याला सहा ओळींचं अंतर कमी-जास्त करावं लागलं.